हॉक्स्टन स्ट्रीटवरचे कागदी नाटकांचे दुकान

लंडनच्या वेलिंग्टन हाउस अकॅडमी या शाळेतल्या काही पोरांनी १८२०च्या दशकात एक नाटक बसवले होते. नाटकाचे नाव ‘द मिलर अँड हिज मेन’. नट सगळे कागदाचे, रंगमंच टेबलावर मावेल एवढा. शेवटच्या प्रवेशात दरोडेखोरांची पवनचक्की स्फोटात उडते. पोरांनी त्यासाठी खरे फटाके लावले आणि असा काही धडाका उडाला की पोलीस येऊन दार ठोठावू लागले. या पोरांपैकी एकाचे नाव चार्ल्स डिकन्स. त्याच्या एका शाळासोबत्याने सांगितलेली ही आठवण जॉन फॉर्स्टरने डिकन्सच्या चरित्रात नोंदवून ठेवली आहे.

हे टेबलावरचे नाट्यगृह सुताराकडून मुद्दाम करून घेतलेले श्रीमंती खेळणे नव्हते. ते कोपऱ्यावरच्या कागदवाल्याकडे सुटे सुटे मिळे. आज पात्रांचा एक तक्ता घ्यायचा, पैसे साठले की पुढच्या वेळी पडद्याचा, मग विंगांचा. नुसत्या काळ्या शाईत छापलेल्या तक्त्याला एक पेनी, हाताने रंगवलेल्याला दोन. पोरे अर्थातच पेनीवाला घेत आणि घरी रंगाची पेटी उघडून बसत.

या धंद्याचा पहिला मोठा माणूस विल्यम वेस्ट. लंडनच्या स्ट्रँड भागात त्याचे दुकान होते. सुया, फिती, बटणे असला किरकोळ माल आणि जोडीला वाचायला भाड्याने देण्याची पुस्तके. त्याच्या नाटकाच्या तक्त्यांपैकी आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने १८११ सालचे आहेत. जे. के. ग्रीन नावाचा दुसरा एक प्रकाशक मात्र आपण १८०८ पासूनच या धंद्यात आहोत, मूळ कल्पना आपलीच, असे आपल्या तक्त्यांवर छापून सांगत असे. पहिला कोण, याचे भांडण तेव्हाही होते. खेळण्याच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही. महत्त्वाचे हे की पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत लंडनमध्ये गाजलेली तीनशेहून अधिक नाटके अशी कागदावर उतरली. वेस्टकडे चित्रे काढणाऱ्यांत पुढे नावारूपाला आलेला जॉर्ज क्रुकशँकही होता.

तक्ता कसा असे, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. एका कागदावर सहा-आठ आकृत्या, प्रत्येकीखाली पात्राचे नाव. एकच पात्र पुन्हा पुन्हा दिसते: एकदा हात छातीवर ठेवून, एकदा तलवार उगारून, एकदा गुडघे टेकून, शेवटी आडवे पडून. कागदाच्या नटाला हात हलवता येत नाही, म्हणून प्रसंग बदलला की त्याला आत ओढून त्याच्या दुसऱ्या आकृतीला बाहेर ढकलायचे. आकृत्या कापून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. पायाशी टिनाची पट्टी, पट्टीला लांब तार. ती तार धरून विंगेतून पात्र रंगमंचावर सरकवायचे. मागे पडदा, दोन्ही बाजूंना विंगांच्या जोड्या, पुढे दर्शनी चौकट आणि तिच्या तळाशी वाद्यवृंदातल्या वादकांची एक छापील पट्टीसुद्धा! उजेडाला मेणबत्त्या किंवा तेलाचे इवलेसे दिवे. सोबत संवादांची पातळशी पुस्तिका, मूळ नाटक निर्दयपणे छाटून केलेली. मागे उभा राहून एकच पोरगा नायकापासून नायिकेपर्यंत सगळ्यांचे आवाज काढणार. संपूर्ण नाटक उभे करायला वीसेक तक्ते तरी लागत. पुठ्ठा आणि खळ वेगळी.

छपाई तांब्याच्या पत्र्यावरून होई. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यावर चित्र कोरायचे, मग आम्लात बुडवायचे. जिथे मेण निघाले असेल तिथला धातू आम्ल खाते आणि त्या चरांत शाई भरून कागद दाबला की चित्र उठते. पत्रा नीट जपला तर वर्षानुवर्षे छापता येतो. हॉक्स्टन स्ट्रीटवरच्या ज्या दुकानाची ही गोष्ट, त्याचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

नाटके कोणती, तर बहुतेक मेलोड्रामा. त्या काळी लंडनमध्ये बोलके, गंभीर नाटक करण्याचा परवाना मुख्यतः ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन थिएटरांकडे होता. ही मक्तेदारी १८४३च्या कायद्याने मोडली. तोवर बाकीच्या थिएटरांना गाणी, मूकाभिनय, मारामाऱ्या, घोडे आणि आतषबाजी यांवर वेळ मारून न्यावी लागे. पण असला तमाशा लोकांना इतका आवडला की परवानेवाल्या थिएटरांनीही तो सुरू केला. ‘द मिलर अँड हिज मेन’ हे आयझॅक पोकॉकचे नाटक १८१३ साली कॉव्हेंट गार्डनलाच आले. वर सज्जन गिरणीवाला, आतून दरोडेखोरांचा सरदार आणि शेवटी सगळेच उडवून देणारा स्फोट. लहान मुलांच्या टेबलासाठी याहून सोयीचे कथानक कोण लिहिणार?

प्रकाशकांचे चित्रकार नव्या नाटकाला जाऊन बसत आणि पात्रांचे पोशाख, पडदे, नटांच्या उभे राहण्याच्या तऱ्हा टिपून आणत. नाटक गाजते आहे तोवर तक्ते बाजारात यायला हवेत, अशी घाई. लेखकाची परवानगी, मानधन वगैरे भानगड नाही. सरळ उचलेगिरी होती ती. पण या उचलेगिरीमुळेच एक मोठे काम नकळत झाले. त्या काळच्या रंगभूमीचे छायाचित्र असणे शक्य नाही, कारण छायाचित्रणच अजून यायचे होते. टीकाकार लिहीत ते अभिनयाबद्दल. पडदा कसा रंगवला होता, कोणत्या प्रवेशात विंगा कशा लावल्या होत्या, खलनायक पाय पुढे टाकून नेमका कसा उभा राहिला, हे पेनीच्या तक्त्यांवरून कळते. आज इंग्रजी रंगभूमीचे अभ्यासक हे तक्ते दस्तऐवज म्हणून वापरतात आणि वेस्टच्या छापांचा मोठा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मराठी वाचकाला ही रंगमंचाची रचना परकी वाटायचे कारण नाही. दर्शनी चौकट, वर गुंडाळला जाणारा रंगीत पडदा, बाजूच्या विंगा हा इंग्रजी थाट मुंबईत कंपनीच्या अमलातच आला होता. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने ग्रँट रोडला थिएटर उभे राहिले ते १८४६ साली आणि तिथे १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने आपले खेळ केले. पुढे मराठी संगीत नाटकांनी जंगल, राजवाडा, रस्ता असे ठरावीक पडदे दशकानुदशके वापरले. तो रंगवलेल्या पडद्यांचा थाट आणि लंडनच्या पोरांच्या टेबलावरचा थाट एकाच घराण्यातले.

शतकाच्या मध्यापर्यंत या धंद्याला उतार लागला. स्केल्ट या प्रकाशक घराण्याने तक्त्यांची किंमत अर्ध्या पेनीवर आणून बाजार काबीज केला खरा, पण त्या भावात चित्रकाराला पैसे द्यायचे कुठून? चित्रे भरड होत गेली. पुढे ‘बॉइज ऑफ इंग्लंड’ हे मुलांचे साप्ताहिक १८६६ मध्ये निघाले आणि त्याने अंकासोबत कागदी नाटकाचे तक्ते द्यायला सुरुवात केली. फुकट मिळते ते विकत कोण घेणार! आणि मोठ्यांची रंगभूमीही बदलत होती. दिवाणखान्यात खुर्च्यांवर बसून बोलणाऱ्या माणसांची नाटके आली. तार लावून सरकवण्यासारखे त्यांत काही नव्हते.

एकेक प्रकाशक मेला किंवा बुडाला, आणि त्याचे पत्रे दुसऱ्याने उचलले. ग्रीन १८६० मध्ये वारल्यावर त्याचे बरेच पत्रे जॉन रेडिंग्टनने घेतले. रेडिंग्टनचे दुकान पूर्व लंडनमध्ये, ७३ हॉक्स्टन स्ट्रीटवर. कष्टकऱ्यांची वस्ती. याच रस्त्यावर ब्रिटानिया हे लोकांचे लाडके थिएटर. रेडिंग्टन छपाई करी, पुस्तके बांधी, तंबाखू विकी आणि कागदी नाटकेही विकी. तो १८७६ मध्ये गेला. त्याची मुलगी एलायझा हिचा नवरा बेंजामिन पोलॉक याने दुकान हाती घेतले. पोलॉक तेव्हा विशीतला, काम केलेले ते फरच्या कपड्यांच्या धंद्यात. नाटकाशी किंवा छपाईशी त्याचा संबंध सासुरवाडीमुळे आला.

पोलॉकने काय केले? पत्र्यांवरचे रेडिंग्टनचे नाव काढून तिथे स्वतःचे घातले आणि छापत राहिला. त्याने फारशी नवी नाटके काढली नाहीत, जुन्यांचा पोशाख बदलला नाही, काळाबरोबर जाण्याची धडपड केली नाही. १८३०-४०च्या दशकातले नट त्याच त्या ऐटीत विसावे शतक उजाडल्यावरही त्याच्या खिडकीत उभे होते. घरातलीच माणसे रंग भरीत, आणि ते रंग असे चढते की शंभर पावलांवरून दिसावेत. व्यापाराच्या पुस्तकात असल्या माणसाला नापास करतील. माझे मत उलट आहे. तेवढा एकच धंदेवाईक या व्यवसायाला हवा होता, जो काहीच फेकून देणार नाही. बाकीच्यांनी पत्रे भंगारात घातले, तांब्याच्या भावात विकले. याने ते सांभाळले.

त्याला आयती जाहिरात मिळाली ती रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनकडून. ‘ट्रेझर आयलंड’ पुस्तकरूपाने १८८३ मध्ये आले होते आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८४ मध्ये, ‘मॅगझिन ऑफ आर्ट’मध्ये त्याने या कागदी नाटकांवर एक निबंध लिहिला. लहानपणी एडिंबरोतल्या लीथ वॉकवरच्या एका कागदवाल्याकडून तो स्केल्टचे तक्ते घेई. घेण्यापूर्वी तिथेच उभे राहून, दुकानदाराच्या तिरक्या नजरेखाली, ते चाळत राहणे हेच खरे सुख, असे तो म्हणतो. रंगीत तक्ता विकत घेणाऱ्या पोराची तो कीव करतो, कारण रंगवण्याचा आनंद त्याने दोन पेन्स देऊन गमावलेला असतो. आणि सगळे कापून-रंगवून झाले की पुढे प्रत्यक्ष नाटक करण्यात काही राम नाही, हेही तो लपवत नाही. दिवाळीत किल्ला करणाऱ्या आपल्या पोरांना हे सांगावे लागणार नाही: माती कालवून बुरूज उभे होईतो जेवणाची शुद्ध नसते, आणि किल्ला पुरा झाला की त्याच्याकडे बघत बसण्यापलीकडे काम उरत नाही. साहस, समुद्र, चाचे, गर्द रानातली वाट हे जे काही आपल्या लेखणीतून उतरते, ते स्केल्टच्या कागदांनीच आपल्या डोक्यात भरले, असे स्टीव्हन्सन गमतीने, पण मनापासून, मान्य करतो. शेवटी तो वाचकाला सांगतो की हौस असेल तर पोलॉककडे जा, आणि लवकर जा.

लोक गेले. हॉक्स्टनच्या बाजारातून वाट काढत लेखक, नट, चित्रकार त्या अरुंद दुकानापाशी येऊ लागले. जी. के. चेस्टरटन हा कागदी रंगभूमीचा भक्त. मोठेपणीही तो पुठ्ठे कापत बसे आणि त्याच्या १९०९च्या निबंधसंग्रहात यावर एक स्वतंत्र निबंध आहे. छोट्या चौकटीतच मोठ्या गोष्टी मांडता येतात, असा त्याचा दावा. रशियन बॅलेचा सर्वेसर्वा सर्गेई डियागिलेव्ह याने तर ‘द ट्रायम्फ ऑफ नेपच्यून’ हा अख्खा बॅले पोलॉक आणि त्याचा ओल्ड स्ट्रीटवरचा शेवटचा प्रतिस्पर्धी वेब यांच्याकडच्या तक्त्यांवरून उभा केला. संहिता सॅचेव्हरेल सिटवेलची, संगीत लॉर्ड बर्नर्सचे, नृत्यरचना जॉर्ज बालांशिनची. ३ डिसेंबर १९२६ रोजी लंडनच्या लायसियम थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला. मोठ्या रंगमंचावरून शतकापूर्वी टेबलावर उतरलेले नेपथ्य पुन्हा मोठ्या रंगमंचावर चढले. एवढी नामवंत मंडळी येऊनही पोलॉक श्रीमंत झाला असे नाही. पाहुणे कौतुक करीत आणि काही पेन्सचा माल घेऊन जात.

साठ वर्षे दुकान चालवून बेंजामिन पोलॉक १९३७ मध्ये वारला. लुइसा आणि सेलिना या मुलींनी गल्ला सांभाळला. मग युद्ध आले. बॉम्बहल्ल्यात दुकानाचे नुकसान झाले आणि १९४४ मध्ये दोघी बहिणींनी पत्रे, तक्ते, सगळा माल ॲलन कीन नावाच्या दुर्मीळ पुस्तकांच्या व्यापाऱ्याला विकला. हा कीन मोठा हौशी माणूस. एका जुन्या बखरीच्या समासातल्या टिपा शेक्सपिअरच्या हातच्या आहेत, असे सिद्ध करायला त्याने पुढे पुस्तक लिहिले. त्याने कंपनी स्थापन केली, मध्य लंडनमध्ये ॲडेल्फी भागात झोकात दुकान थाटले. कागदी रंगभूमीचा पहिला खरा इतिहास १९४६ मध्ये लिहिणारा जॉर्ज स्पेट त्याच्याकडे कामाला होता. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८च्या ‘हॅम्लेट’ चित्रपटावरून त्यांनी नवे कागदी नाटक काढले, जे. बी. प्रीस्टलीनेही त्याच सुमारास टेबलावरच्या रंगमंचासाठी खास नाटक लिहिले. सगळे उत्तम चालले होते, फक्त पैसा येत नव्हता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचे दिवाळे निघाले आणि पोलॉकचा शंभर वर्षांचा पसारा गोदामात कुलपाआड गेला.

तिथून तो बाहेर कसा आला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मार्गरीट फॉड्री नावाच्या बाईंना आपल्या मुलाच्या कागदी रंगमंचासाठी तारा लावलेल्या टिनाच्या काही पट्ट्या हव्या होत्या. वर सांगितल्या त्याच, पात्र सरकवायच्या. दुकान बंद, म्हणून त्यांनी चौकशी केली. हिशेब आवरणाऱ्या माणसाने सांगितले की पट्ट्या गोदामात ढिगाने आहेत, पण शोधून द्यायला माणूस नाही. हव्याच असतील तर सगळाच माल घेऊन टाका. बाईंनी घेऊन टाकला!

घेतलेला माल ठेवायचा कुठे, म्हणून १९५६ मध्ये कॉव्हेंट गार्डनजवळ ४४ मॉनमाउथ स्ट्रीटच्या माळ्यावर त्यांनी एक खोली घेतली. कागदी नाटके विकायची आणि सोबत जुनी खेळणी मांडायची. खेळणी वाढत गेली, एकेक खोली भरत गेली. १९६९ मध्ये सगळे बिऱ्हाड फिट्झरोव्हिया भागात १ स्काला स्ट्रीटला गेले. या ‘पोलॉक्स टॉय म्युझियम’मध्ये चढे, अरुंद जिने, वाकडेतिकडे मजले आणि भिंतीभर कपाटे होती. बाहुल्या, कळीची खेळणी, टेडी अस्वले, आणि मधूनमधून पोलॉकचे रंगमंच. आधुनिक म्युझियमात एका वस्तूभोवती जेवढी रिकामी जागा सोडतात, तेवढ्यात इथे पन्नास बाहुल्या बसत. बाई १९९५ मध्ये वारल्या, पुढच्या पिढ्यांनी ते चालवले. जानेवारी २०२३ मध्ये मात्र त्या इमारतीतले म्युझियम बंद झाले आणि संग्रहाला पुन्हा जागा शोधण्याची वेळ आली.

दुकानाची वाट त्याआधीच वेगळी झाली होती. कॉव्हेंट गार्डनचा भाजीबाजार १९७४ मध्ये तिथून हलला आणि ती जुनी मंडई दुरुस्त होऊन १९८० मध्ये दुकानांसाठी उघडली, तेव्हा पोलॉकची एक शाखा तिथे गेली. ती १९८८ मध्ये पीटर बाल्डविन या नटाने आपल्या भावासह विकत घेतली. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या इंग्लंडच्या अखंड चालणाऱ्या मालिकेतले त्याचे डेरेक विल्टन हे पात्र घराघरांत ठाऊक होते. मालिकेतून सुटी मिळाली की हा गृहस्थ गल्ल्यामागे उभा राहून पोरांना पडदा कसा लावायचा ते दाखवी. जगभरच्या कागदी रंगमंचांवर त्याचे पुस्तकही आहे, आणि त्यातून कळते की जर्मनी आणि डेन्मार्क या बाबतीत इंग्लंडच्या मुळीच मागे नव्हते. बर्गमनचा ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ हा चित्रपट सुरू होतो तो अशाच एका टेबलावरच्या रंगमंचावर.

बेंजामिन पोलॉकच्या नावाचे दुकान आजही कॉव्हेंट गार्डनच्या त्या मंडईत, वरच्या मजल्यावर आहे. १८१३ साली ज्या थिएटरात ‘द मिलर अँड हिज मेन’ पहिल्यांदा लागले, ते १८५६ मध्ये जळाले. त्याच जागेवर उभे असलेले रॉयल ऑपेरा हाउस इथून चालत दोन मिनिटांवर. लंडनला जाणे झाले तर दुकानात डोकावा, कागदी रंगमंच अजून विकायला असतात. घेतलात तर रंगवलेला घेऊ नका.